फळीखालचा क्रूस

बोटीत पानी येत हुतं आन पप्पा म्हनत हुते, डांबर लावू आन वरून रंग मारू. मागच्या सालीबी तेच केलं हुतं. महिन्याभरात डांबर पापडासारखं निघालं.

काजव्यांचा सीझन तोंडावर आला हुता. भंडारदऱ्याला मानसं रात्री काजवं बघत्यात आन दिवसा बोटीत बसत्यात. पप्पांचा खांदा गेलाय, म्हनून यंदा वल्हं माझ्या हातात येनार हुतं. बोट काठालाच पडून राहिली तर मला नागापूरला मामाकडं जायचं, एमआयडीसीत पॅकिंगला. दिवसभर एका जागी बसून खोकी चिकटवायची. बसायचंच असतं तर शाळा कशाला सोडली असती?

पप्पा डांबर आनायला राजूरला गेले तवा मी काठावर दगडांवर ठेवलेल्या बोटीतल्या फळ्या उचकटल्या. बोट अॅल्युमिनियमची. गंजत न्हाई म्हनून घेतलेली. पन मधल्या फळीखाली चुन्यासारखा पांढरा भुगा हुता आन त्यात आईचा तांब्याचा क्रूस. बाकीचा पत्रा चांगला हुता.

आमच्या जुन्या लाकडी होडीतबी आई तो फळीखालीच ठेवायची, शेजारची छबूबाई तिच्या होडीत तांब्याचा पैसा ठेवती तसा. लाकडाला कदी काय झालं न्हाई. हितं क्रूस उचलला तर खाली पत्र्यावर तसाच दुसरा क्रूस, सगळा खड्ड्यांचा. उभ्या दांडीत सुई जाईल एवढं भोक.

मी आईला बोलावलं. तिनं बघितलं आन गुडघ्यावरच बसली. म्हनली, प्रभूनं बोटीवर छाप मारलाय, ह्याला हात लावायचा न्हाई.

माझं डोकं फिरलं. दोन बादल्या पानी बोटीत ओतलं आन तिला खाली वाकून बघायला लावलं. थेंब त्या छापातनंच गळत हुते.

"छाप मारला, मग भोक कशाला पाडलं त्यानं?"

"तोंड सांभाळ, एंजल."

"आपल्या पान्याच्या मोटारीच्या वायरीचा जोड आठव. तांबं आन अॅल्युमिनियम वल्यात एकमेकाला चिकटलं, आन असाच पांढरा भुगा हुऊन तुटला. तुझा क्रूस बोट खातोय, आई."

ती क्रूस घेऊन घरी गेली.

राजूरहून आल्यावर पप्पांनी भोक बघितलं आन डांबराचा डबा बाजूला ठेवला. टेम्पोत घालून बोट राजूरला कानिफनाथ वेल्डरकडं नेली. त्यानं पत्रा घासून आरगान वेल्डिंगनं अॅल्युमिनियमचं ठिगळ मारलं. बोट परत आली, पन आई आडवी आली. क्रूस बोटीत नसंल तर पोरगी पान्यात जानार न्हाई, म्हनली.

ह्या वेळी मी वरडले न्हाई. तिच्या हातातनं क्रूस घेतला आन वल्ह्याच्या दांड्याला वरच्या टोकाला ठोकला. लाकूडच हाय, तिथं तांब्याला खायला काय न्हाई. आईनं तो हलवून बघितला, पक्का हुता.

मग ती चप्पल काढून सोताच बोटीत बसली. पान्याला भिती ती. तरी धरनाच्या पार मधापर्यंत गेलो आन मधली फळी सरकवून सगळा वेळ तिनं अनवानी पाय ठिगळावर ठेवला. मी वल्हं मारत हुते, तिच्या पायाकडं बघत हुते.

काठाला लागल्यावर तिनं तळव्यावरनं हात फिरवला आन पप्पांना म्हनली, "कोरडा हाय. भावाला फोन लावा, पोरगी येत न्हाई म्हनून सांगते."