पेटीबाईंचे पाय

"पायांकडे बघायचं नाही. सूर हातांत असतो, पण जीव पायांत. पाय थांबले की पेटी मुकी झाली."

पेटी शिकवणाऱ्या मास्तरांनी हे बजावलं तेव्हा पेटीबाई सोळा वर्षांच्या होत्या. आता साठी उलटल्यावर त्या पलंगाच्या कडेला बसून नेमकं तेच करत होत्या. आपल्या पायांकडे टक लावून बघत होत्या. मांड्या अशा जड झाल्या होत्या, जणू कुणी झोपेत त्यांत ओलं सिमेंट ओतून गेलं होतं. उठायचं तर आधी कुशीवर वळायचं, मग हातांवर भार द्यायचा. पण खांदेही त्याच पक्षाला जाऊन मिळालेले.

शाळेत पायपेटी होती. टेबलाएवढी लाकडी पेटी, वर पट्ट्या, खाली दोन फळ्या. फळ्या आळीपाळीने दाबत राहायचं, म्हणजे आतला भाता फुगतो आणि वर बोटांना सूर सापडतो. चौतीस वर्षं रोज सकाळची प्रार्थना त्यांनी या पेटीवर वाजवली होती. मुलांना त्यांचं खरं नाव ठाऊकसुद्धा नव्हतं. निवृत्तीनंतरही शाळेने त्यांना प्रार्थनेपुरतं ठेवून घेतलं होतं. बाहेर पाऊस असो, घरात पाहुणे असोत, आठच्या ठोक्याला पहिला सूर लागायचाच. नेमच तो. दोन महिन्यांपूर्वी तो मोडला. दुखणं सकाळी अंगावर बसे आणि दुपारी बाराच्या सुमारास जरा सैल पडे. आणि प्रार्थना काही कुणी दुपारी बारा वाजता म्हणत नाही. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, एक काळा स्पीकर आणला. खटका दाबला की प्रार्थना सुरू.

उपाय सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. शेजारीण म्हणाली, वय झालं. बहीण म्हणाली, गादी बदल. यजमान तीस वर्षं बस चालवून घरी बसलेले. त्यांचं निदान असं की इंजिन थंड आहे, सकाळी धक्का मारावा लागणारच. बोलता बोलता ते बाईंची वेणी घालून देत, कारण बाईंचे हात डोक्यापर्यंत पोचत नव्हते. वेणी गाठोड्यासारखी होई, पण कुरकूर करायची सोय नव्हती.

शेवटी एका तरुण डॉक्टरीण बाईंनी रक्त तपासलं, मांड्या-खांदे हलवून पाहिले आणि आजाराचं नाव सांगितलं : पॉलिमायल्जिया रुमॅटिका. यजमानांनी ते तीनदा म्हणून बघितलं. या नावाचं स्टेशन असतं तर तिकीट मागेपर्यंत गाडी सुटली असती, असं ते म्हणाले. डॉक्टर हसल्या. त्यांनी स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या. पाच मिलिग्रॅमच्या तीन, रोज सकाळी, पोटात काही घालून. पुढे हळूहळू कमी करू, पण मधेच बंद मात्र करायच्या नाहीत, असं दोनदा सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेटीबाई उठल्या. एवढंच. कुशीवर न वळता, पलंगाची दांडी न धरता उठल्या, तडक न्हाणीघरापर्यंत गेल्या आणि तिथे पोचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण चालत आलो. त्यांनी दोन्ही हात वर करून बघितले. हात गेले. मग त्यांनी स्वतःची वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली. तिसऱ्यांदा घालताना आरशात बघून त्यांना हसू आवरेना. देवाला हात जोडून त्या म्हणाल्या, एवढं पटकन देशील असं वाटलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसती धमाल. झोप पहाटेच उडे, पण कोण तक्रार करतंय? उजाडेपर्यंत पडदे धुऊन वाळत पडलेले असत, डबे पुसून नव्या रांगेत लागलेले असत. भूक अशी की स्वतःचं ताट संपवून नजर यजमानांच्या ताटाकडे जाई. बहिणीला फोन लावला की तिकडून हुं हुं येणंही बंद होई आणि तरी या बोलतच. गाल फुगले. शेजारीण म्हणाली, तब्येत सुधारली हो.

शाळेत त्या पेटीवर बसल्या तेव्हा स्पीकर कोपऱ्यात ढकलला गेला. चार मिनिटांची प्रार्थना त्या दिवशी तीन मिनिटांच्या आत आटोपली. शेवटच्या ओळीला मुलं धापा टाकत पोचली. पीटीच्या सरांनी जवळ येऊन हळूच विचारलं, "बाई, माझा तास आता प्रार्थनेतच उरकायचा का?"

त्याच भरात मोठ्या बाईंनी त्यांना बोलावलं. दोन महिन्यांनी शाळेला पन्नास वर्षं पुरी होणार होती, मुलं पाच गाणी म्हणणार होती. त्यांची साथ स्पीकरवरच लावावी असं चाललं होतं, आणि मग पेटी अडगळीच्या खोलीत हलवायची होती. तेवढीच चार मुलांना उभं राहायला जागा. तुम्हाला झेपेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. प्रश्न पुरा व्हायच्या आत पेटीबाई म्हणाल्या, पाचही मी वाजवते, शब्द देते. आणि गिरकी घेऊन बाहेर पडल्या.

पण गोळ्या कमी व्हायच्याच होत्या. तीनाच्या अडीच झाल्या, अडीचाच्या दोन. दोनावर आल्या आणि तालमीत तिसऱ्या गाण्यालाच मांड्या पेटू लागल्या. पाय अडखळले की सूर मध्येच खाली बसे, आणि पहिलीतली चिमुरडी त्याच्यापाठोपाठ खाली बसत. त्यांना वाटे, असंच म्हणायचं असतं.

आता पेटीवाल्या माणसाचं शहाणपण जगावेगळं. सूर पडू लागला की भाता जोरात चालवायचा, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. अंगातली हवा कमी पडते आहे, तर वाढवावी. बंद करायच्या नाहीत एवढंच तर सांगितलं होतं. वाढवायच्या नाहीत असं कुठे कोण म्हणालं? त्यांनी दोनाच्या जागी तीन घेतल्या. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. पाचही गाणी पार पडली. त्या आनंदाने मुलांचे गालगुच्चे घेत सुटल्या.

पाचव्या दिवशी यजमान गोळ्यांची पट्टी हातात घेऊन उभे राहिले. "ही शनिवारपर्यंत पुरायला हवी होती," एवढंच म्हणाले. टाकीतलं तेल वेळेआधी संपलं की गळती कुठे आहे हे ड्रायव्हरला दाखवावं लागत नाही.

दवाखान्यात बाईंनी स्वतःच सगळं सांगितलं. डॉक्टर रागावल्या नाहीत, त्यामुळे लाज जास्त वाटली. रक्तातली साखर वर गेली होती. हे असलं औषध शरीर स्वतःही थोडं बनवत असतं, डॉक्टर समजावू लागल्या. बाहेरून मिळायला लागलं की ते आपलं झोपून जातं. त्याला हलक्या हाताने जागं करायचं असतं. तुम्ही मधेच वाढवलंत की ते पुन्हा पांघरूण ओढून घेतं. मांड्यांची ही आग सगळी आजाराचीच नाही, महिनोन्‌महिने पडून राहिलेले स्नायूही रुसले आहेत. खुर्चीवरून दहादा उठबस करा, थोडं थोडं चाला, थकलात की थांबा. पहिल्यासारखं दुखलं तर त्याच दिवशी फोन करा. गोळ्या आपल्या दोनच.

"आणि मला विचारल्याशिवाय एक कणही कमी-जास्त नाही. कबूल?"

"कबूल. पण पाच गाण्यांचाही शब्द देऊन बसले आहे हो."

"मग दोन्हींतला एक मोडेल."

"नाही मोडायचा," पेटीबाई म्हणाल्या. कसा नाही, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

परत येताना त्या रस्त्याकडेच्या बाकावर बसल्या. उद्या जाऊन स्पीकर लावायला सांगते, म्हणाल्या. यजमान समोरून जाणाऱ्या गाड्यांकडे बघत म्हणाले,

"मला सांग, फळ्यांना कळतं का पाय कुणाचे आहेत ते?"

"अहो, तुम्हाला सुराचं वावडं. अंगाई गायलात तेव्हा आपली पोरगी रडायला लागली होती."

"सूर तू सांभाळ. तीस वर्षं मी पायांनी दुसरं केलं काय?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि दुखणं विसरून बाकावरून ताडकन उठल्या. मग "आई गं" म्हणून पुन्हा बसल्या, पण डोळे लुकलुकत होते.

शाळा सुटल्यावर रिकाम्या सभागृहात तालीम सुरू झाली. यजमान शेजारी स्टुलावर बसले, पाय तिरके घालून फळ्यांवर ठेवले आणि असा रेटा दिला की पेटीने हंबरडाच फोडला. बाई म्हणाल्या, हळू. ते म्हणाले, "पुढे काय आहे ते आधी सांगत जा. चढ की उतार?"

झालं, युक्ती सापडली. बाईंनी पाचही गाण्यांच्या कागदांवर पेन्सिलीने रस्ते काढले. मुलं सगळी मिळून गाणार तिथे चढ, एकटी मुलगी गाणार तिथे उतार, कडवं संपलं की थांबा. पहिल्या दिवशी यजमानांनी थांब्याच्या अलीकडेच ब्रेक मारला आणि सूर दारात अडकला. चौथ्या दिवशी वळणं अंगवळणी पडली आणि मुलंही तालमीला येऊ लागली. तिसरीतल्या एका मुलीने विचारलं, काका, हॉर्न कुठे आहे? त्यांनी पेटीबाईंकडे बोट दाखवलं.

बाई हसल्या, मुलांपेक्षा जास्त हसल्या. पण पट्ट्यांवर बोटं फिरत असताना त्यांचे स्वतःचे पाय खाली जमिनीवर उगाच हलत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या दुसऱ्याने दिलेल्या श्वासावर वाजवत होत्या. तो कधी लवकर येई, कधी उशिरा. त्याची वाट बघायला शिकावं लागत होतं.

समारंभाच्या सकाळी त्या नेमाने उठल्या, चार घास खाल्ले, दोन गोळ्या घेतल्या. दोनच. मग अंग सैल होईपर्यंत खुर्चीवरून दहादा उठबस केली; घाई केली नाही. शाळेच्या वाटेवर मुलांची किलबिल सुरू झाली होती. यजमान केव्हाचे तयार होऊन पायऱ्यांपाशी उभे होते, पाचही कागदांची घडी शर्टाच्या खिशात.

दाराशी पेटीबाईंचे काळे बूट होते. पेटीवर बसताना घालायचे. फळ्या दाबून दाबून दोन्हींचे चवडे कागदासारखे पातळ झालेले. सवयीने त्या वाकल्या, एक हातात घेतला. मग तो त्यांनी जोडीदाराशेजारी सरळ लावून ठेवला, मऊ चपला पायांत सरकवल्या, आणि यजमानांच्या खांद्यावर हात टेकून बाहेर पडल्या.