बसायचं काम

कार्यक्रमाआधी क्रिस्पिन बगळ्याची कागदी चोच तोंडाला बांधत होता, तेव्हाच मी त्याला गाठलं. म्हटलं, "आज माझे वडील आलेत, कॉव्हेंट्रीहून. कार्यक्रमाच्या शेवटी ते जुनं गाणं घेऊ या ना, मी ड्रम वाजवायचो ते."

"नॉर्मन, तुझं न वाजवणं हाच आपल्या संगीताचा प्राण आहे रे," तो चोचीआडून म्हणाला.

असा हा आमचा बँड, 'टिन ऑर्चर्ड'. कला महाविद्यालयातले क्रिस्पिन आणि जाइल्स, आणि ड्रम वाजवायला मी, मोटार कारखान्यातल्या फिटरचा मुलगा. पबमध्ये होतो तेव्हा हात दुखेपर्यंत वाजवायचो. मग क्रिस्पिनला शांततेचा साक्षात्कार झाला. रेकॉर्डी खपू लागल्या, सभागृहं मोठी होत गेली आणि माझं वाजवणं आटत गेलं. शेवटी काठ्या मांडीवर ठेवून पुतळ्यासारखं बसणं, एवढंच माझ्या वाट्याला उरलं. त्या बसण्याचंही एका समीक्षकाने भरभरून कौतुक केलं. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं.

बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. रात्रपाळीमुळे त्यांनी मला कधी वाजवताना पाहिलंच नव्हतं. आज ते रजा टाकून, टाय लावून लंडनला आले होते आणि पहिल्या रांगेत बसले होते. मी हट्टच धरला, तेव्हा क्रिस्पिन कसाबसा कबूल झाला.

कार्यक्रम सुरू झाला. क्रिस्पिन एका पायावर उभा. जाइल्सने ऑर्गनवर एकच सूर धरून ठेवायचा होता. तोही बिचारा कंटाळला असणार. मध्येच त्याने दुसरा सूर लावला. क्रिस्पिनने चोच काढून त्याच्या अंगावर फेकली आणि माईकवरच सांगून टाकलं, की आजपासून हा बँड संपला. तो एका बाजूने गेला, जाइल्स दुसऱ्या बाजूने. लोकांना वाटलं, हासुद्धा प्रयोगाचाच भाग. सगळे उभं राहून टाळ्या वाजवू लागले.

निदान एकट्याने तरी वाजवावं म्हणून मी काठ्या उचलल्या, तोवर पडदा पडला. असा संताप आला, की ड्रम फोडून टाकावेत.

बाबा मागच्या दाराशी टोपी हातात घेऊन थांबले होते. मी सांगितलं, बँड मोडला. त्यांनी मान हलवली. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून ते शब्द शोधत राहिले.

"बसला मात्र छान होतास," ते म्हणाले. "पाठ अगदी ताठ."