दांडा सुटेना

मी क्रेन चालवतो. पंधरा मजले उंचावर कपाटाएवढी केबिन आणि हातात एक दांडा. दांडा पुढे ढकलला की ओझं खाली उतरतं, सोडला की आपोआप थांबतं. खालून माझा मेहुणा वॉकीटॉकीवर इशारे देतो. आमचं दोघांचं ठरलेलं: ओझं हलतंय तोवर मी 'येतंय, येतंय' म्हणत राहायचं. मी गप्प झालो म्हणजे ओझं थांबलं.

गेल्या महिन्यात वाऱ्याने फळ्यांचा गठ्ठा हेलकावत येऊन माझ्या काचेवर आदळला. मला खरचटलंही नाही, पण तेव्हापासून वर बसायची भीती वाटायला लागली. मग कंपनीने एक समुपदेशक बाई आणली. ती म्हणाली, "भीती वाटली की बोलून दाखवा. पाय जमिनीला दाबा. श्वास सावकाश सोडा."

मी मागच्या बाकावरून म्हणालो, "बाई, माझी जमीन दीडशे फूट खाली. पाय कसे पुरायचे?"

सगळे खो खो हसले. मेहुणा तेवढा वहीत उतरवून घेत होता. मला त्याचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन टन सळया उतरवत होतो. मध्येच वारा सुटला, काच थरथरली आणि मला धाप लागली. आपल्या धापा खाली ऐकू जातील म्हणून मी वॉकीटॉकीच्या बटणावरचा अंगठा काढला. एवढीच चूक. मी गप्प झालो म्हणून मेहुणा आणि आणखी दोघं लोंबत्या सळया हाताने फिरवायला बिनघोर ओझ्याखाली आले. ओझं मात्र उतरतच होतं. दांड्यावरची माझी मूठ सुटत नव्हती.

मी स्वतःला शिव्या घातल्या. बोटं माझी नव्हतीच जणू. खाली मेहुण्याचं पिवळं हेल्मेट दिसत होतं. बायकोला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात.

डाव्या हाताने बटण दाबलं. "ओझं येतंय, पळा! मला भीती वाटतेय. हात सुटत नाहीये."

साऱ्या साइटने ऐकलं. दोघं पळाले. पिवळं हेल्मेट तिथेच.

"दाजी," मेहुण्याचा आवाज आला, "पाय दाबा."

मी केबिनच्या पत्र्यावर टाचा रोवल्या.

"आता श्वास सोडा. सावकाश. अजून."

तिसऱ्या श्वासाला बोटं उघडली. ओझं थांबलं. त्याच्या डोक्यावर हातभर.

मी खाली उतरलो, तेव्हा तो विटांवर बसला होता, तोंड पांढरंफटक.

"मूर्खा, पळाला का नाहीस?" मी खेकसलो.

"पाय उचलतच नव्हते, दाजी," तो म्हणाला. "म्हटलं, निदान दाबता तरी येतील."

मी त्याच्या शेजारी बसलो. उठायला आम्हाला बराच वेळ लागला.