व्युत्पत्तीला सहा मजले लागतात

"काही नाही साहेब, वीज गेलीय. येईल," लिफ्टमन मामा म्हणाले आणि आपलं बसायचं स्टूल त्यांनी साहेबांपुढे सरकवलं.

लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये लटकली होती. जाळीच्या दारापलीकडे नुसती भिंत. मोठे साहेब गेला महिनाभर मामांना चुकवून जिन्याने धापा टाकत वर जात. आज मीटिंगला उशीर झाला म्हणून लिफ्टमध्ये शिरले, आणि नेमके अडकले.

मामांच्या लिफ्टमध्ये शिरायचं म्हणजे एक अवघड इंग्रजी शब्द पदरात पडणार, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. कुणीतरी टाकून दिलेला जाडजूड शब्दकोश ते येता-जाता वाचत. ज्याच्यावाचून जगात कुणाचंच काही अडत नाही, असा शब्द सापडला की त्यांचा चेहरा उजळे. अर्थ सांगायला दोन मजले पुरत. व्युत्पत्तीला मात्र सहा लागत. तिसऱ्या मजल्यावरच्या हिशेबनीस बाई एकदा 'डीफेनेस्ट्रेशन म्हणजे माणसाला खिडकीतून बाहेर फेकणं' एवढंच ऐकून उतरल्या, आणि जेवणाच्या सुट्टीत परत आल्या.

"मामा, यासाठी वेगळा शब्द का लागला त्यांना? असे किती जण फेकले?"

"चला सहाव्यावर, सांगतो."

बाईंचा डबा त्या दिवशी तसाच राहिला.

आता मात्र मामा गप्प होते. साहेबांनी जाळी घट्ट धरली होती आणि कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. माणूस घाबरलाय, हे मामांनी ओळखलं. तेवढ्यात त्या शांततेत साहेबांचं पोट जोरात गुरगुरलं.

"सकाळपासून काही खाल्लं नाही," साहेब ओशाळून म्हणाले.

"बॉरबोरिग्मस."

"काय?"

"पोटातला हा आवाज. त्याचं नाव आहे ते."

"मामा, आत्ता नको."

मामांनी तोंड मिटलं. साहेबांच्या पोटाला तेवढा पोच नव्हता. ते पुन्हा बोललं. शेवटी साहेबांनीच विचारलं, "कुठून आला म्हणे हा शब्द?"

"ग्रीकमधून. म्हणजे पोटातूनच. ग्रीक माणसाने कान लावला, बॉर-बॉर ऐकलं, तसंच लिहून घेतलं. आपल्या पोटात मात्र कावळे ओरडतात."

"आपल्याला कावळे कसे काय ऐकू आले?"

"भूक जास्त असेल."

साहेब हसले. जाळी सोडून स्टुलावर टेकले. मग आणखी चार शब्द झाले, आणि पाचव्या शब्दाच्या मध्यावर वीज आली. लिफ्ट वर लागली, दार उघडलं, तरी साहेब उठेनात.

"मामा, मी तुम्हाला चुकवत होतो, ते शब्दांमुळे नाही. नवी लिफ्ट येतेय. बटणांची. दार आपोआप उघडणार, मजलाही तीच सांगणार. सही मीच केलीय." ते जमिनीकडे बघत होते. "तुमची सोय केलीय. खाली चौकशीच्या खिडकीत बसायचं."

मामांनी हँडल बाहीने पुसलं.

"खिडकीत बसवताय ना साहेब? खिडकीतून फेकण्यापेक्षा बरं."

साहेबांना तो शब्द कधी मिळालाच नव्हता. ते कसनुसं हसले आणि उतरून गेले.

संध्याकाळी मामांनी बायकोला सांगितलं. घराला मजले नसल्यामुळे तीस वर्षांत तिला मध्येच उतरायची सोय कधी मिळाली नव्हती. पण आज मामांनी एकही शब्द सांगितला नाही, हे तिच्या लक्षात आलं. ताट वाढता वाढता ती म्हणाली, "मी कधी बसलेच नाही हो तुमच्या लिफ्टमध्ये."

जुन्या लिफ्टच्या शेवटच्या दिवशी ती दुपारी आली. केस नीट विंचरलेले, हातात ठेवणीतली पर्स. मामांनी जाळी सरकवली.

"कितवा मजला?"

"तुम्ही न्याल तो."

पहिला मजला गेला तसे मामा खाकरले. "अक्सोरिअस."

"सांगा."

"बायकोवर फार जीव असलेला नवरा. अक्सॉर म्हणजे लॅटिनमध्ये बायको. पण इंग्रज लोक नावं ठेवायला वापरतात हा शब्द. म्हणजे, बायकोच्या पुढे-मागे करणारा."

बायको भिंतीवरून खाली सरकणारे आकडे बघत होती. "आणि नवऱ्यावर जीव असलेल्या बायकोला?"

"आहे की. मॅरिटोरिअस. पण कुणी वापरलाच नाही. पडून राहिला बिचारा."

"नावं ठेवायची गरज पडली नसेल," ती म्हणाली.

सहावा मजला आला. मामांनी दार उघडलं. बायको जागची हलली नाही.

"उतरायचं नाही?"

"इथे कोण आहे माझं?" असं म्हणून ती स्टुलावर बसली आणि पर्स तिने मांडीवर घेतली.

मामांनी जाळी ओढली. लिफ्ट खाली निघाली. तिसऱ्यावर हिशेबनीस बाई उभ्या होत्या. त्यांनी हात केला. मामांनी मान लववून त्यांना नमस्कार केला आणि सबंध नोकरीत पहिल्यांदाच एका माणसाला तसंच उभं ठेवून लिफ्ट खाली नेली.