गोराईच्या होक्याची कबुली

मित्रांनो, मी एक जुना होका आहे. तुमच्या पुस्तकात मला होकायंत्र म्हणतात. पितळेची वाटी, तिच्यावर काच आणि आत द्रवात तरंगणारी तबकडी, एवढाच माझा देह. गोराईला बर्फाच्या बंद कारखान्यात गावकऱ्यांनी कोळीवाड्याचं छोटं संग्रहालय थाटलं आहे. तिथे एका मेजावर काचेच्या पेटीत मी बसतो. सुट्टीच्या दिवशी फेरीबोटीतून माणसं येतात आणि माझं कौतुक करतात. ते कौतुक ऐकताना मला तोंड लपवावंसं वाटतं. का, ते सांगतो.

कुर्ल्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी सुबोधशेठच्या होडीवर आलो. होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा मुख्य माणूस, अनंत. रोज सकाळी तो आपल्या सदऱ्याच्या टोकाने माझी काच पुसायचा आणि म्हणायचा, "बोल रे बाबा, घर कुठे?" मी सांगायचो, तो ऐकायचा. बावीस वर्षं आमचं असंच चाललं.

मग एका पौषात शेठने हौसेने मोठा कर्णा आणला, गाणी लावायला. जागा नव्हती म्हणून तो माझ्या शेजारीच, वीतभर अंतरावर, टांगला. मित्रांनो, कर्ण्याच्या पोटात चुंबक असतं. माझी तबकडी खेचली गेली. मला कळत होतं की मी खोटं बोलतोय, पण मला थांबता येईना.

तिसऱ्या दिवशी पहाटे समुद्रावर दाट धुकं होतं. अनंतने नेहमीसारखी माझी काच पुसली आणि मी दाखवली त्या वाटेने होडी हाकली. होडी खडकावर फुटली. जीव सगळ्यांचे वाचले, पण एका खलाशाचा पाय कायमचा अधू झाला. कर्णा पाण्यात गेला. मी मात्र फळीला चिकटून किनाऱ्यावर आलो.

पुढचं सांगायला जड जातं. चावडीवर चौकशी झाली. मला एका पाटावर ठेवून तपासलं. आता शेजारी कर्णा नव्हता, त्यामुळे मी चोख उत्तर दिशा दाखवली.

"बघा, होका शाबूत आहे," सुबोधशेठ म्हणाला. "चुकला तो माणूस. प्यायला असणार."

अनंत कधीच पीत नव्हता. तो माझ्याकडे बघत राहिला. पण मी उत्तरेकडेच बोट दाखवत राहिलो.

त्यानंतर त्याला कुणी होडी दिली नाही. तो वाकोल्याला एका सोसायटीच्या फाटकावर वॉचमन झाला. मला शेठने संग्रहालयाला दिलं. माझ्यापुढे पाटी लागली : 'एकदाही न चुकलेला होका.'

गेल्या माघात एका दुपारी अनंत आला. केस पांढरे झालेले, सोबत त्याची बायको रुक्मिणी. संग्रहालय सांभाळणारी गंधाली त्यांना हौसेने सगळं दाखवत होती. बोलता बोलता तिने हातातला मोबाइल माझ्या पेटीवर ठेवला. त्याच्या कव्हरला चुंबकाचं बटण होतं. माझी तबकडी चांगली चार बोटं फिरली.

अनंत वाकला. "पोरी, तो फोन उचल."

तिने उचलला. मी जागेवर आलो.

"आता परत ठेव."

मी परत फिरलो. अनंत तिथेच लादीवर बसला.

"काका, काय झालं? पाणी आणू?"

"कर्णा," तो म्हणाला. "कर्णा इथेच टांगला होता गं, याच्या बाजूला. मी समजत होतो, माझाच डोळा लागला असेल. तेरा वर्षं मी तेच समजत होतो."

रुक्मिणी पदराशी चाळा करत उभी होती. मग त्याच्याशेजारी बसली आणि हलकेच म्हणाली, "मी पण तुम्हाला विचारायची ना, खरं सांगा, त्या दिवशी घेतली होती का. कितीदा विचारलं. लोकांचं सोडा, मी विचारलं."

अनंतने तिच्या पाठीवर हात ठेवला.

गंधालीने सगळं समजून घेतलं. पाटी उतरवली आणि कोरा पुठ्ठा पुढे ठेवला. "काका, तुम्ही सांगा, मी लिहिते. शेठचं नाव घालू?"

"नको. सुबोध गेला. त्याच्या मुली इथेच नांदतात, त्यांना कशाला मान खाली घालायला लावायची?" त्याने कोऱ्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "लिही. हा होका एकदा चुकला. तांडेल शुद्धीत होता."

मित्रांनो, वस्तूंना वाचा नसते. काचेआड ठेवलेली वस्तू तर कुणी लिहील तेच बोलते. म्हणून संग्रहालयात गेलात की नुसती पाटी वाचून पुढे सरकू नका. ती वस्तू ज्याच्या हातात होती तो माणूस हयात असेल, तर आधी त्याला गाठा आणि विचारा. आणि कुणावर ठपका ठेवण्याआधी त्याच्या शेजारी त्या दिवशी काय टांगलं होतं, तेही बघा.

नवी पाटी लोक आता मोठ्याने वाचतात. मला लाज वाटते. तरी वाचू द्या. मोठ्यानेच वाचू द्या.