सगळ्यांत खालचा पाटा

मित्रांनो, मी एक जुना पाटा आहे आणि मला राग आलेला आहे. तो गिळून गोड गोड बोलणे मला जमणार नाही. पोलादाला एकदा आच लागली की ती लवकर उतरत नाही.

पिकअप गाडी तुम्ही पाहिली असेल. पुढे छोटी केबिन, मागे उघडा हौदा. त्या हौद्याखाली, मागच्या दोन्ही चाकांपाशी, वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची एकेक थप्पी असते. त्या पट्ट्या म्हणजे आम्ही पाटे. चाक खड्ड्यात आदळले की आम्ही वाकतो आणि दणका आपल्या पोटात घेतो, म्हणून वरच्या माणसाला आणि मालाला तो लागत नाही. आमच्या शेजारी तेल भरलेली एक नळी असते, तिला शॉकअप म्हणतात. आम्ही उसळलो की ती आम्हाला आवरते, पोराला हाताला धरून बसवावे तशी.

आमच्या थप्पीत पाच पाटे होते. वरचे चौघे कमानदार, देखणे. मी पाचवा, सगळ्यांत खालचा. आखूड, जाड आणि जवळजवळ सपाट. माझ्या टोकांत आणि चौथ्याच्या अंगात बोटभर फट होती. गाडी हलकी असली की मी कुणाला शिवतसुद्धा नसे. हौद्यात जड ओझे आले की वरचे चौघे वाकत वाकत खाली येत आणि माझ्यावर टेकत. तिथून पुढचा भार माझा. उजव्या चाकापाशी माझा जुळा भाऊ होता, त्याचेही तेच. भट्टीतून काढून ज्याने मला तेलात बुडवले, तो लोहार म्हणाला होता, "तू शेवटचा. तुझ्यापर्यंत कुणी आलं नाही तर समज, वरचे सुखात आहेत." ते बोल माझ्या अंगात पाण्यासारखे भिनले.

आमची मालकीण मधमाश्या पाळणारी. सगळे तिला मावशी म्हणत. तिच्याकडे चाळीस मधपेट्या. दर वर्षी डोंगरमाथ्यावर फुलोरा आला की ती पेट्या वर न्यायची, वीस-वीसच्या दोन खेपांत. वाट म्हणजे कोरडा ओढा आणि दगडगोटे. फुलोरा जेमतेम पंधरा दिवसांचा. तेवढ्यात माश्यांनी मध जमवला तर वर्ष निभले. जाताना पेट्या हलक्या, पण आत ताजे मेण, कोवळे पोळे, अंडी, अळ्या आणि एकेक राणी. येताना त्याच पेट्या मधाने जड, शिवाय मधाचे डबे.

सूर्य वर यायच्या आधी, गारव्यात, मावशी निघायची. पेट्यांची दारे जाळीने बंद असत. ती गाडी चालवता चालवता गुणगुणायची:

हळू चाल माझे गाडी, वाट दगडगोट्यांची
मागे निजली गं वस्ती, मेणाच्या गं कोठ्यांची

तिचे शब्द केबिनच्या पत्र्यातून झिरपत आमच्यापर्यंत यायचे. वरचे चौघे तालावर डुलायचे. मी स्थिर, कुणाला न लागता, माश्यांची गुणगुण ऐकत असायचो. येताना मात्र मी मानेपर्यंत ओझ्यात. अशी अकरा वर्षे गेली. जाताना एक पोळे मोडले नाही, येताना एक डबा सांडला नाही.

दर वर्षी निघण्याआधी मावशी आमची परीक्षा घ्यायची. एक पसरट तसराळे काठोकाठ पाण्याने भरून हौद्यात ठेवायची आणि मिस्त्रीच्या गॅरेजमागच्या खडबडीत अंगणात गाडीची एक फेरी मारायची. किती पाणी सांडले, त्यावरून मिस्त्री आमच्या टोकांतले झिजलेले रबरी बुश बदलायचा, बोल्ट आवळायचा, ग्रीस भरायचा. मिस्त्री म्हणायचा, "इंजिनाचा डॉक्टर मी, पण या गाडीची नाडी तुमच्या तसराळ्यात आहे."

बाराव्या वर्षी आम्ही थकलो. वरचे चौघे सपाट व्हायला लागले, शॉकअपमधून तेल ठिबकू लागले. गाडी मागून बसल्यासारखी दिसायची. मिस्त्रीने खाली वाकून पाहिले आणि म्हणाला, "वरचे चार ठोकून पुन्हा कमानीत आणतो. शॉकअप नवे टाकू. खालचा अजून खणखणीत आहे, त्याला हात लावायला नको."

तेवढ्यात मावशीचा भाचा पुढे झाला.

हा भाचा तिच्या बहिणीचा मुलगा. तिशीचा, धडधाकट, मनाने वाईट नव्हे. पण जे दिसते तेवढेच खरे मानणारा. महिनाभर तो डोंगरात गाड्या पळवणाऱ्यांची चित्रे पाहत होता. त्याला गाडी उंच हवी होती, पाटे कडक हवे होते, शॉकअप जाडजूड आणि चकचकीत हवे होते.

"मावशी, ही काय गाडी आहे का? दमलेली म्हैस बसल्यासारखी दिसते. अशा वाटेला दणकट सामान लागतं."

"मला दणकट नको रे, मऊ हवं."

"मऊ काय मऊ. येताना टनभर वजन असतं तुझं. मऊ पाटे जमिनीला टेकतील."

"ते काम खालचा करतो ना," मिस्त्री पुटपुटला.

मग भाचा गाडीखाली शिरला. गाडी रिकामी, अंगणात उभी. त्याने माझ्या आणि चौथ्याच्या मधल्या फटीत बोट घातले, आत-बाहेर केले आणि हसला. "हा? हा तर कुणाला लागतच नाही. फुकट पगार खातोय. मिस्त्री, बारा वर्षं एक रिकामटेकडा पोसलात तुम्ही."

सगळे हसले. मावशीही हसली. मित्रांनो, त्या हसण्याचा ओरखडा अजून माझ्या अंगावर आहे. ज्याचे काम ओझ्याखाली दिसते, त्याची पारख रिकाम्या गाडीत उभे राहून कोणी करते का? पण पाट्याला तोंड नसते, आणि ज्याला तोंड होते त्या मिस्त्रीने मान खाली घातली. जाणत्याने वेळेला गप्प बसणे, हा माझा दुसरा राग.

नवे पाटे आले. सहा, सगळे सारख्या जाडीचे, एकमेकांना घट्ट चिकटलेले. खालच्यासाठी फट वगैरे काही नाही. गाडी उचलायला अ‍ॅक्सलवर, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आसावर, लोखंडी ठोकळे चढले. शॉकअपला कडक-मऊ करायची चावी होती, ती भाच्याने शेवटपर्यंत कडक फिरवली. आमचे वरचे आठही भाऊ भंगारात गेले. आम्हा दोघा जुळ्यांना मिस्त्रीने अंगणातल्या पाण्याच्या टाकीखाली टेकू म्हणून सरकवले. म्हणून पुढचे मी सगळे पाहिले.

मावशी तसराळे घेऊन आली. "पाणी पाहिल्याशिवाय मी पेट्या चढवणार नाही."

"पाहा ना," भाचा म्हणाला. "पण परीक्षा घ्यायची तर कडक घेऊ. उगाच रिकामी गाडी काय फिरवायची?" आणि त्याने घाम गाळून हौदा दगडांनी भरला. टनभर दगड. त्यावर फळी, फळीवर तसराळे. गाडी अंगणात फिरली. टनाच्या भाराखाली ते कडक पाटे थोडे वाकले आणि गाडी बोटीसारखी डोलत गेली. पाणी हलले, सांडले नाही.

मावशी थेंबही न सांडलेले तसराळे बघत राहिली. मग तिने भाच्याच्या पाठीवर हात ठेवला. "चुकले मी. चांगलं केलंस."

टाकीखाली मी कळवळत होतो. अहो मावशी, हे येतानाचे ओझे झाले. जातानाचे कुठे आहे? तुमच्या पोळ्यांना जाताना जपायचे आहे, आणि जाताना हौद्यात दगड नाहीत, मेण आहे. अकरा वर्षे तुम्ही हलक्या गाडीत पाणी ठेवलेत, तेव्हा तुम्ही बरोबर होता. आज 'कडक' हा एक शब्द ऐकून ते विसरलात. पण टाकीतले पाणी डुचमळले तेवढेच. तिकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी परत अंगणात आली. अशी करकचून थांबली की धूळ माझ्यावर उडाली. मावशी उतरली. तिच्या हातात पेटीतली एक चौकट होती. तिने ती मिस्त्रीच्या टेबलावर, पान्यांच्या मधोमध ठेवली.

पोळे मधून फाटून लोंबत होते. अळ्या चिरडल्या होत्या. सांडलेल्या मधात माश्या चिकटून मेल्या होत्या, पंख पसरून.

"वीस नेल्या," ती म्हणाली. "नऊ गेल्या. नऊ पेट्या, मिस्त्री. एकेका पेटीत किती जीव, तुम्ही मोजाल का? प्रत्येक दगडाला हौदा उडत होता. मी गाणं म्हणत होते आणि मागे त्या मरत होत्या."

भाचा केबिनमधून उतरला. "पोळी कच्ची असतील या वर्षी. पाणी तर सांडलं नव्हतं."

"तोंड बंद कर." तिने आवाज चढवला नाही. "दगडांना अळ्या नसतात. तू दगडांसाठी गाडी बांधलीस. आणि मी बघत उभी राहिले, म्हणून तुझ्याइतकीच मीही चुकले. मिस्त्री, तुम्हाला ठाऊक होतं?"

मिस्त्रीने चौकटीकडे पाहिले. "ठाऊक होतं."

"मग?"

"वाटलं, तरुण माणूस आहे, नवं बघून आलाय. आपलं जुनं."

"जुनं," ती म्हणाली. "माझ्या माश्या काय नव्या पद्धतीने मरतात का?"

खाली वीस पेट्या अजून उरल्या होत्या, आणि फुलोऱ्याचे दहा दिवस. तेही हातचे गेले तर पुढच्या वर्षी वर न्यायला तिच्याकडे फारसे काही उरले नसते.

"जुने पाटे कुठे आहेत?" तिने विचारले.

"वरचे भंगारात गेले. विळे झाले असतील एव्हाना." मिस्त्री उठला, टाकीपाशी आला आणि गुडघ्यांवर बसला. "खालचे दोन आहेत."

टाकी रिकामी करून त्याने आम्हाला ओढून काढले. ओलीने माझ्यावर गंज चढला होता. त्याने हातोडीने मला टोला दिला. मी वाजलो. सगळा राग एकवटून वाजलो.

"खणखणीत," तो म्हणाला.

दिवसभर काम चालले. उंचीचे ठोकळे निघाले. नव्या सहांतले तीन काढून ठेवले, तीन राहिले. शॉकअपची चावी मऊकडे फिरली. गंज खरवडायचे काम मिस्त्रीने भाच्याकडे दिले. तो तारेचा ब्रश घेऊन मला घासत बसला. हात लालतपकिरी झाले तरी थांबला नाही. मग मधला बोल्ट आवळून मिस्त्री म्हणाला, "ये इकडे. बोट घाल."

भाच्याने माझ्या वरच्या फटीत बोट घातले.

"जातं?"

"जातं."

"हलक्या गाडीत ते जायलाच हवं. नाही गेलं तर मला सांग."

भाच्याने बोट काढून घेतले.

या वेळी हौद्यात वीस पेट्यांच्या वजनाइतकी भुशाची पोती ठेवली आणि त्यांच्या मधोमध तसराळे. भाचा तसराळ्यापाशी उकिडवा बसला. पहिल्या फेरीत पाणी सांडले. मिस्त्रीने आणखी एक पाटा काढला, चावी अजून थोडी फिरवली. दुसऱ्या फेरीत काठावरून एक ओघळ आला. तिसऱ्या फेरीला मावशीने भाच्याला विचारले, "किती?"

"एक थेंब. तोही माझ्या गुडघ्याचा धक्का लागून."

मग दगड भरूनही एक फेरी झाली. वरचे वाकले, आले, टेकले. मी उचलले. माझा जुळा भाऊ पलीकडून कण्हला, तसा मीही. बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही निघालो. ओढा आला, दगड आले. वरचे पाटे वाकत होते, परत येत होते. मी कुणाला लागलो नाही. कुणी मला लागले नाही. हौद्यातून वीस वस्त्यांची गुणगुण अखंड येत होती. मावशीने मात्र गाणे म्हटले नाही. ती फक्त ऐकत होती. माथ्यावर पोचल्यावर तिने एकेका पेटीला कान लावला. भाचा तिच्या मागे मागे. विसाव्या पेटीपाशी ती थोडा वेळ वाकून राहिली.

"आहेत," ती म्हणाली. "सगळ्या आहेत."

भाचा हौद्याच्या कडेला बसला आणि हातात तोंड लपवून रडला. मावशीने त्याला रडू दिले. शेजारीच आधीच्या खेपेतल्या नऊ रिकाम्या पेट्या रचून ठेवल्या होत्या.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, आता माझा राग निवला असेल. नाही निवला. त्या नऊ पेट्या कुठल्याच फुलोऱ्याने भरून येणार नाहीत. तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल, त्यांना नवे पाटे, नवे शॉकअप बसवाल. खुशाल बसवा, नव्याशी माझे भांडण नाही. पण निवडण्याआधी दुकानात उंची बघत उभे राहू नका. आपण नेतो काय, ते जाताना किती आणि येताना किती, हे आधी स्वतःला विचारा. ज्याला कळते त्यालाही विचारा, आणि तो गप्प बसला तर बोलेपर्यंत विचारा. आणि थप्पीत कुणी काही न करता पडलेला दिसला, तर हसू नका. त्याच्या वरच्या फटीत बोट घालून बघा, आणि गाडी भरल्यावर ती फट पुन्हा बघा.

त्या दिवशी डोंगर चढताना मी काहीच केले नाही. ते मी अगदी नीट केले.