काटा झोपतो

आमच्या ह्यांना वाक्यातला कर्ता गिळायची सवय आहे. "येतो," म्हणतात. कोण येतो, दूधवाला की हे स्वतः, ते समोरच्यानं ओळखायचं. मी ओळखते; आमचा संसार त्यावरच चाललाय. मुलगा मात्र दुसऱ्या शहरात राहतो, त्याची ओळखायची सवय मोडलीय. सगळा घोळ झाला तो त्यामुळे.

आमची रोपवाटिका आहे. झाडं, कुंड्या, मातीच्या गोण्या गिऱ्हाइकांकडे पोचवायला एक जुनी पिकअप आहे. परवा परवा मुलाचा फोन आला तेव्हा हे हसत हसत त्याला सांगत होते, "अरे, हल्ली चालवता चालवता मध्येच झोपतो. जरा पुढे गेलं की आपोआप उठतो. खड्डा आला तर लगेचच!"

बोलत होते स्पीडोमीटरच्या काट्याबद्दल. गाडी चांगली वेगात असताना तो धपकन शून्यावर पडायचा आणि मनात येईल तेव्हा पुन्हा वर यायचा. पण 'काटा' हा शब्द ह्यांनी नेहमीप्रमाणे गिळला. पलीकडून मुलानं ह्यांचं हसणं मध्येच तोडलं. म्हणाला, "बाबा, मी येतोय."

आला तो खांद्यावरची बॅगही न उतरवता. खुंटीवरची किल्ली काढली आणि खिशात टाकली.

"आजपासून गाडी बंद. झोप लागते आणि वर हसून सांगता?"

"मला नाही रे, काट्याला!"

"कुठला काटा?"

मग खुलासा झाला, पण उशिरा. खुलासा उशिरा झाला की तो सारवासारवीसारखा वाटतो. मुलगा गाडी घेऊन गावाबाहेरच्या रस्त्यावर लांबवर जाऊन आला. "काटा ठणठणीत आहे," म्हणाला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू बाबांचं खोटं मीही लपवत होते.

आता आमचा मेकॅनिक. त्याला सगळे वैद्य म्हणतात, कारण बॉनेट उघडायच्या आधी तो त्यावर हात ठेवून डोळे मिटतो. ह्या काट्यासाठी त्यानं डॅशबोर्ड दोनदा उघडला होता, मीटरमागचे सांधे पुसले होते, वायरी हलवून पाहिल्या होत्या. पण त्याच्यासमोर काटा पाहुण्यांपुढच्या पोरासारखा शहाण्यासारखा वागायचा. मुलानं त्याला फोन लावला.

"काका, काटा पडताना तुम्ही स्वतः पाहिलाय?"

"खोटं कशाला बोलू? मी नाही पाहिला."

झालं. मुलाच्या दृष्टीनं निकाल लागला. बाबांचा डोळा लागतो आणि ते काट्यावर ढकलतात. त्यानं सुट्टी वाढवून घेतली, गाडीला गिऱ्हाईक बघतो म्हणाला. मला राग आला, पण कोणाचा, ते ठरवता येईना. ह्यांचा एक शब्द कमी पडला म्हणून ह्यांचा, की मुलानं ह्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही म्हणून त्याचा? आणि खरं सांगायचं तर मनात एकदा येऊन गेलंच, खरंच डोळा लागत असला तर?

हे भांडले नाहीत. ह्यांनी भांडायला हवं होतं. रोपांच्या पिशव्या उगाच इकडच्या तिकडे लावत बसले. मी चहा नेला तर म्हणाले, "गाडी गेली की मलाही एका कुंडीत लाव. पाणी घालत जा." मी हसले नाही. गिऱ्हाइकाच्या दारात झाड उतरवायचं, ते कुठल्या कोपऱ्यात ठेवायचं यावर त्याच्याशी हुज्जत घालायची, ह्यातच ह्यांचा जीव. त्यासाठी गाडी हवी.

शाळेची मोठी ऑर्डर आधीच घेतलेली होती. ती तरी पोचवायला हवी. आम्ही तिघांनी मिळून कुंड्या चढवल्या. सकाळीच पाणी घातलेलं, माती ओली, एकेक कुंडी दगडासारखी जड. गाडी मागून चांगलीच बसली. मुलगा चालवायला, मी मध्ये, हे खिडकीपाशी. गाडीचे कागद भरलेली मुलाची बॅग माझ्या पायाशी.

मोठ्या रस्त्याला लागलो, गाडीनं वेग घेतला आणि मुलगा एकदम ओरडला, "झोपला! बाबा, झोपला!"

"मी टक्क जागा आहे!" हे खिडकीतून वळून कडाडले.

"तुम्ही नाही हो, काटा!"

काटा शून्यावर आडवा पडला होता. गाडी तर भरधाव. मी हसायला लागले ती थांबेचना, आणि मधेच कधीतरी डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हे खोटं बोलत नाहीत, ह्यांचा डोळा लागत नाही, हे काट्यानंच सांगितलं. मुलानं गाडी कडेला घेतली आणि वैद्याला बोलावलं.

वैद्य स्कूटरवरून आला. वाकून चाकांकडे पाहिलं, भरलेल्या कुंड्यांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"मी तुम्हाला दर वेळी काय सांगतो? गाडी रिकामी आणा! सामान खडखडलं की मला गाडीचं दुखणं ऐकू येत नाही ना."

तो गाडीखाली शिरला. मागच्या ॲक्सलवरच्या, वेग मोजणाऱ्या सेन्सरकडे जाणारी वायर कोणीतरी क्लिपनं आखूड बांधली होती. ओझ्यानं चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबले की ती ताणली जायची. वरचं आवरण शाबूत, पण आतली तार तुटलेली. ताण पडला की तारेची टोकं सुटायची, हिसका बसला की पुन्हा टेकायची. वैद्याकडे गाडी रिकामी जायची, मुलानंही रिकामीच फिरवली होती. भरलेली गाडी चालवायचे ते फक्त हे.

वैद्यानं क्लिप सैल केली, तार जोडून वर टेप गुंडाळली आणि हात पुसत निघून गेला.

रस्त्याच्या कडेला मुलगा किल्ली पुढे करून उभा राहिला. ह्यांनी ती लगेच घेतली नाही.

"मी खरंच झोपत असतो, तर?"

"तर काय, बाबा?"

"तर गाडी विकून निघून गेला असतास. मग पुढे?"

 मुलगा मान खाली घालून म्हणाला, "मी घाबरलो होतो. रात्री फोन वाजला तरी छातीत धस्स होतं माझ्या. तुम्हाला काही झालं तर मला नाही सहन होणार."

"मग हे तू बोलायचंस ना, गाढवा. तू माझी किल्ली काय काढून घेतोस!"

दोन वाक्यं, आणि कर्ता एकातही गिळलेला नाही! ह्यांनी किल्ली घेतली, मुठीत घट्ट धरली. मग पुन्हा त्याच्या हातात दिली.

"तूच चालव. मला आता खरंच झोप आलीय."

येणारच. किल्ली गेली त्या दिवसापासून ह्यांच्या डोळ्याला डोळा नव्हता. रात्रभर पलंग कुरकुरायचा आणि मी शेजारी झोपेचं सोंग घेऊन पडलेली असायचे. गाडी सुरू झाली आणि थोड्या वेळानं ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मुलानं एकदा वळून पाहिलं आणि वेग कमी केला.

शाळेच्या फाटकात पोचलो तरी हे उठले नाहीत. माझ्या खांद्याजागी मुलानं आपली बॅग हलकेच सरकवली, आणि त्या सगळ्या कुंड्या आम्ही दोघांनीच उतरवल्या, अजिबात आवाज न करता.